नौकेचे कापडी आच्छादन : शिवणींची गळती रोखणे

लाँच, यॉट इ. नौकांवर नळ्यांच्या सांगाड्यावर ताणून बसविलेल्या कापडी छताच्या व पडद्यांच्या शिवणींतून पाणी झिरपू न देण्याची प्रक्रिया. शिडाच्या कापडाला तेल, मेण वा डांबर चोपडण्याची रीत बरीच जुनी असून तिचा आरंभ निश्चित सांगता येत नाही. चार्ल्स मॅकिंटॉश यांनी १८२३ मध्ये कापडाच्या दोन थरांत रबर घालून केलेल्या जलरोधक कापडाचे पेटंट घेतले. मात्र त्याचे कोट सुईच्या छिद्रांतून गळत.

गळतीचा दोष काही जाणकार छिद्राला देतात, तर काही दोऱ्याला. सुती दोरा भिजला की फुगून छिद्र भरतो. त्यामुळे सुती कॅनव्हासची शिवण पहिल्या सरींनंतर पुष्कळदा आपोआप आवळते. पण तो दमट हवेत कुजतो. पॉलिएस्टरचा दोरा कुजत नाही, तसा फुगतही नाही. उलट त्याच्या पिळातून केशाकर्षणाने पाणी आत ओढले जाते. शिवाय तो उन्हाने कमजोर होतो आणि आच्छादनाचे ॲक्रिलिक (कृत्रिम धाग्याचे) कापड धड असतानाच तुटू लागतो. टेफ्लॉन जातीचा दोरा ऊन सोसतो, पण महाग पडतो. म्हणून आधी दोरा तपासणेच अधिक युक्त होय. टाका नखाने ओढताच तुटला, तर शिवणीवर दिलेला जलरोधक लेप फुकट जातो. शिवण पुन्हा घालावी लागते.

टाके मजबूत असल्यास शिवणीवर मधमाशीचे मेण घासतात किंवा पॉलियुरेथेनाचा पातळ लेप ब्रशने देतात. सिलिकोन शक्यतो टाळावे, कारण त्यावर नंतर दुसरा लेप धरत नाही. कापड आधी सौम्य साबणाने धुऊन भरपूर पाण्याने खंगाळतात; साबणाचा अंश राहिला की पाण्याचा पृष्ठताण घटून ते कापडात मुरते. मिठाचा थरही ओल धरून ठेवतो. नव्या कामात टाक्यांखाली दुहेरी चिकटपट्टी घालून, पाणी वरून ओघळून जाईल अशा बेताने दुमड खाली वळवून शिवतात.

मुंबईत जून ते सप्टेंबर या काळात साधारणतः २,००० मिमी.हून अधिक पाऊस पडतो. नैर्ऋत्येच्या वाऱ्याने तो तिरपा येतो, त्यामुळे छताइतकेच उभे पडदेही त्रास देतात. पडद्याची चेन (झिप) तर लेपाने बुजविता येत नाही. तिच्यावर कापडी झडप शिवावी लागते. लेपाला कोरडे कापड लागत असल्याने एप्रिल-मे हा काळ सोयीचा. कोळीवाड्यांत पावसाळ्यापूर्वी किनाऱ्यावर ओढून शाकारलेल्या होड्यांच्या ताडपत्रीचा प्रश्न निराळा आहे. तिथे पाणी शिवणींपेक्षा दोरी ओवण्याच्या कड्यांपाशी व घडीच्या चिरांतून शिरते.

गळती शोधताना नळीचे पाणी खालच्या शिवणीपासून वर नेत, आतून दिसलेला प्रत्येक थेंब खडूने खुणावतात. वरून सुरुवात केल्यास पाणी आतल्या बाजूने ओघळते आणि खूण भलत्याच टाक्यावर पडते.