कामावर जाण्याची वाट आणि भरपाईचा हक्क : पार्श्वभूमी

कामावर इजा झालेल्या माणसाच्या घरी पहिला प्रश्न विचारला जातो तो ‘अपंगत्वाच्या दाखल्यावर किती टक्के लिहिले’ हा. प्रश्न गैर नाही. परंतु भरपाईच्या कायद्याचा शंभर वर्षांचा प्रवास पाहिला तर रकमेचा खरा निकाल पुष्कळदा अन्यत्रच लागलेला दिसतो. अपघाताचे कामाशी नाते काय, तो कोणत्या तारखेला झाला, वेतन किती सिद्ध झाले आणि त्या माणसाला त्याचे पूर्वीचे काम आता करता येईल का, या प्रश्नांच्या उत्तरांवर एकाच इजेच्या भरपाईत काही लाखांचा फरक पडतो.

कामगार भरपाईचा १९२३ चा कायदा १ जुलै १९२४ पासून अमलात आला. मालकाचा निष्काळजीपणा सिद्ध करण्याच्या ओझ्यातून त्याने कामगाराला सोडवले आणि त्या बदल्यात भरपाई वय व वेतन यांच्या ठरीव गणितात बांधून टाकली. दावा ज्या शब्दांवर टिकतो ते शब्दही त्याच कायद्यात आले : अपघात ‘नोकरीतून आणि नोकरीच्या ओघात’ घडलेला असला पाहिजे. हे दोन शब्दप्रयोग एकाच अर्थाचे नाहीत. ‘ओघात’ म्हणजे कामाची वेळ आणि जागा, तर ‘नोकरीतून’ म्हणजे कारण, आणि दोन्ही एकत्र सिद्ध व्हावी लागतात. ट्रकवरच्या एका क्लीनरचा हृदयविकाराने मृत्यू झाला, तेव्हा तो नोकरीत होता याबद्दल वाद नव्हता; तरीही कामाच्या ताणाने मृत्यू ओढवल्याचा पुरावा नाही, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये त्याच्या आईचा दावा नाकारला. अशा प्रकरणात सलग किती तास काम केले, आधी कोणता त्रास सुरू झाला होता, सोबत कोण होते, हे सारे दाव्याच्या पहिल्या अर्जापासूनच मांडणे का आवश्यक आहे, ते यावरून कळते.

सर्वांत लांबलेला वाद घर आणि कामाची जागा यांमधल्या रस्त्याचा आहे. पोरबंदरजवळच्या मिठागरातले मजूर १९५२ च्या जूनमध्ये खाडी ओलांडताना होडी उलटून बुडाले. नोकरीची हद्द काही वेळा कामाच्या जागेबाहेरही थोडी विस्तारते, हे तत्त्व न्यायालयाने १९५८ मध्ये मान्य केले. परंतु ती होडी सार्वजनिक वाहतुकीची होती, असे सांगून बुडालेल्यांच्या वारसांना भरपाई मात्र दिली नाही. पाच वर्षांनी मुंबईच्या बससेवेतील एका चालकाचे प्रकरण आले. पाळी संपवून तो त्याच सेवेच्या बसने घरी निघाला असता अपघातात दगावला होता. चालकांना मिळणारा मोफत प्रवास ही केवळ सवलत नसून सेवा वक्तशीर चालावी यासाठी केलेली सोय आहे, या आधारावर १९६३ मध्ये बहुमताने निकाल त्याच्या पत्नीच्या बाजूने लागला. मुंबईसारख्या शहरात चालकाचे घर आणि आगार यांतील अंतर हा त्याच्या नोकरीचाच भाग ठरतो, हा विचार त्या काळी धाडसाचा होता.

पुढे हा दरवाजा पुन्हा अरुंद झाला. केरळमधील एक कामगार १९७१ मध्ये सायकलवरून कारखान्याकडे निघाला होता. पाळी साडेचारची, अपघात सव्वाचारला आणि कारखाना एक किलोमीटरवर. तरीही रस्ता हा नोकरीचा भाग नाही, असे १९९६ मध्ये ठरले. पंचवीस वर्षे चाललेल्या त्या लढ्याचा असा शेवट अन्यायाचाच म्हणावा लागेल, कारण पाळीची वेळ मालक ठरवतो आणि त्या वेळेस रस्त्यावर असणे ही कामगाराची हौस नसते. कर्मचारी राज्य विमा योजनेच्या (ईएसआय) कायद्यात १ जून २०१० पासून नवे कलम आले आणि विमाधारकांचा येण्याजाण्यातील अपघात कामाशी संबंध दाखवल्यास नोकरीतलाच मानला जाऊ लागला. १९२३ च्या कायद्यात मात्र तसे कलम नव्हते. त्यामुळे विम्याच्या कक्षेतल्या कामगाराला एक न्याय आणि बाहेरच्याला दुसरा, अशी स्थिती होती.

ती स्थिती आपल्याच धाराशिव जिल्ह्यातील एका प्रकरणाने बदलली. साखर कारखान्यातला एक पहारेकरी २२ एप्रिल २००३ रोजी पहाटे तीनच्या पाळीसाठी मोटारसायकलवरून निघाला आणि कारखान्यापासून सुमारे पाच किलोमीटरवर अपघातात मरण पावला. मागे पत्नी, चार मुले आणि आई होती. कामगार भरपाई आयुक्तांनी मंजूर केलेली ३,२६,१४० रुपयांची भरपाई उच्च न्यायालयात रद्द झाली. सर्वोच्च न्यायालयाने २९ जुलै २०२५ रोजी ती पुन्हा कायम केली. विमा कायद्यातले कलम नवा हक्क देणारे नसून जुन्याच शब्दांचा अर्थ स्पष्ट करणारे आहे, म्हणून तोच अर्थ १९२३ च्या कायद्यालाही लागू होतो, असा त्या निकालाचा गाभा आहे. १९२३ च्या कायद्याच्या जागी २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत तर प्रवासातील अपघाताची तरतूद स्पष्ट शब्दांतच आहे. मात्र वेळ, जागा आणि नोकरी यांचा संबंध दाखवण्याची अट दोन्हीकडे कायम आहे. पाळीचा तक्ता, हजेरीचे मस्टर, नेहमीचा रस्ता आणि पोलिसांच्या पंचनाम्यातील वेळ ही कागदपत्रे त्यामुळे दाखल्याइतकीच मोलाची ठरतात.

रकमेचे गणित तुलनेने सोपे आहे. मृत्यू झाल्यास वेतनाच्या ५० टक्के आणि कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास ६० टक्के रकमेला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणतात. तिसाव्या वर्षी तो २०७.९८ आहे. हिशेबात धरायच्या मासिक वेतनाची मर्यादा पूर्वी ४,००० रुपये होती, ती २०१० मध्ये ८,००० आणि ३ जानेवारी २०२० पासून १५,००० झाली. तीस वर्षांच्या पूर्ण अपंग कामगाराला ८,००० वर ९,९८,३०४ रुपये मिळतात, तर १५,००० वर १८,७१,८२० रुपये. यात अपघाताची तारीख निर्णायक असते. ठेकेदाराकडचे वेतन पावतीवर कमी दाखवलेले असेल, तर बँकेतील नोंदी आणि सोबत्यांच्या साक्षी कामी येतात. ठेकेदार टाळाटाळ करू लागला, तर मुख्य मालकाकडूनही भरपाई मागता येते.

अपंगत्वाच्या टक्क्यांबाबत १९७५ चा एक निकाल आजही आधार आहे. चित्रपटगृहातील नक्षीकाम करणारा सुतार पडला आणि त्याचा डावा हात कापावा लागला. मालकाचे म्हणणे अपंगत्व अंशतः आहे असे होते. एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून न्यायालयाने ते पूर्ण मानले. दाखला देणाऱ्या डॉक्टरांना कामगाराचे नेमके काम काय होते, हे सांगण्याचे महत्त्व त्यातूनच आले आहे. भरपाई अपघाताच्या दिवसापासूनच देय होते, हेही त्याच निकालात ठरले. मध्यंतरी, २००७ च्या सुमारास, व्याज निकालाच्या तारखेपासून मोजण्याचा पायंडा पडू लागला होता. तो २०१२ मध्ये चुकीचा ठरवण्यात आला. महिनाभरात रक्कम न भरल्यास १२ टक्के व्याज आणि ५० टक्क्यांपर्यंत दंड लागू शकतो. व्याज बहुधा विमा कंपनी भरते, दंड मात्र मालकाच्या खिशातून जातो. धाराशिवच्या प्रकरणात २२ वर्षांचे सरळ व्याज मूळ रकमेच्या अडीच पटींहून अधिक होते, म्हणून अर्जात व्याजाची मागणी वेगळी लिहायला विसरू नये.

एक निवड मात्र आधीच करावी लागते. राज्य विमा योजनेत नाव असलेल्या कामगाराला भरपाईच्या या कायद्याखाली दावा करता येत नाही, आणि वाहन अपघातात मोटार वाहन कायदा किंवा हा कायदा यांपैकी एकच मार्ग धरता येतो. जखमी माणूस रुग्णालयात असतानाच मुकादम तडजोडीचा कागद घेऊन येतो, तेव्हा हे कोणी त्याला सांगत नाही. मालकाने कामगाराला त्याचे हक्क लेखी कळवावेत, असे बंधन २०१७ पासून आहे. हक्क सोडून देण्याचा करार कायद्याने निरर्थक मानला आहे, आणि मृत्यूच्या प्रकरणात वारसांच्या हाती परस्पर ठेवलेले पैसे, तीन महिन्यांच्या वेतनापर्यंतची उचल वगळता, भरपाईत धरले जात नाहीत.