तेल्या आणि ॲस्पिरिनचा भाऊबंद

आधी डाळिंबाच्या पानावर पाण्याने भिजल्यासारखा बारीक ठिपका दिसतो. पान उजेडात धरलं की तो तेल सांडलेल्या कागदासारखा चमकतो, म्हणून नाव तेल्या. फळावर हेच डाग काळपट होतात आणि साल इंग्रजी 'वाय' किंवा 'एल'च्या आकारात तडकते. असा माल घेऊन बाजारात कोण जाणार?

तेल्या हा जिवाणूमुळे होणारा रोग. त्या जिवाणूची भारतातली पहिली नोंद १९५२ची, दिल्लीतली. महाराष्ट्रात तो बोकाळला या शतकाच्या सुरुवातीला. रोगट बागेतल्या गुट्यांबरोबर, म्हणजे कलमांबरोबर, तो गावोगाव पोचला, छाटणीच्या कात्रीवरून झाडोझाड फिरला. २००५ साली सोलापुरात राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र सुरू झालं.

बागायतदारांचा भर असायचा तो बोर्डो मिश्रण (मोरचूद आणि चुना) आणि स्ट्रेप्टोसायक्लिनच्या पुडीवर. या पुडीत मुख्यतः स्ट्रेप्टोमायसिन, म्हणजे क्षयरोगावरचंच औषध. बागेत ते सर्रास मारायचं आणि दवाखान्यात ते लागू पडेल अशी आशा धरायची, हे फार दिवस चालणारं नव्हतंच. डिसेंबर २०२१मध्ये केंद्र सरकारने अधिसूचना काढून शेतीतला हा वापर २०२४पासून पूर्ण थांबवायचं ठरवलं.

मग झाडाच्या स्वतःच्या ताकदीकडे लक्ष वळलं. ही कल्पना मात्र जुनी आहे. १९६१ साली अमेरिकेत फ्रँक रॉस यांनी तंबाखूच्या खालच्या पानांना विषाणूची लागण केली. पुढे वरच्या पानांवर तोच विषाणू सोडला, तर तिथले डाग कमी आणि लहान निघाले. खालच्या पानाने वरच्याला सावध केलं होतं! १९७९मध्ये इंग्लंडच्या रेमंड व्हाइट यांनी तंबाखूच्या पानात चक्क ॲस्पिरिन टोचलं आणि रोग कमी झाला. त्याचं कारण १९९०मध्ये उलगडलं: लागण झाली की तंबाखू आणि काकडीची झाडं स्वतःच सॅलिसिलिक ॲसिड वाढवतात. ॲस्पिरिन त्याचंच भावंड. हीच सावधगिरी जिवाणूंविरुद्धही कामी येते.

तेल्यासाठी सॅलिसिलिक ॲसिडच्या फवारण्या सुचवल्या जातात त्या यातूनच. ते जिवाणूला मारत नाही, झाडाला जागं करतं. त्यामुळे डाग दिसल्यावर फवारणं म्हणजे वरातीमागून घोडं. सॅलिसिलिक ॲसिडची पूड थंड पाण्यात लवकर विरघळत नाही, ही कटकट वेगळीच. शिवाय पावसाळी मृग बहर धरलेल्या बागेत फवारणी कितीही वेळेवर झाली, तरी रोगट फांद्या छाटून जाळण्याचं काम चुकत नाही.