महागडे गॅजेट फोडण्याचे व्हिडिओ

नवाकोरा फोन, टॅब, लॅपटॉप किंवा गेमचा कन्सोल कॅमेऱ्यासमोर मुद्दाम फोडायचा, हायड्रॉलिक प्रेस म्हणजे दाबाच्या मशीनखाली चिरडायचा, कोल्ड्रिंकमध्ये उकळायचा, नाहीतर सरळ गच्चीवरून सोडून द्यायचा आणि लोकांनी बघावं म्हणून ते ऑनलाइन टाकायचं, असा हा गेल्या वीसेक वर्षांतला करमणुकीचा प्रकार. यूट्यूबवर वाढला, आता रीलमध्ये अर्ध्या मिनिटात उरकतो.

बघणाऱ्याला वस्तूची किंमत आधीपासून माहीत पाहिजे, ही यातली पहिली अट. एखाद्या लॅबमधलं पन्नास लाखांचं मशीन फोडलं तर कोणी ढुंकून बघणार नाही, कारण ते कितीचं हेच ठाऊक नसतं. आयफोनचा आकडा मात्र इंदूरच्या राजेंद्र नगरातल्या सातवीतल्या पोरालापण पाठ असतो, मॉडेल, जीबी आणि ईएमआयसकट. म्हणून फोडायला आयफोनच लागतो, आणि तोही नवीन मॉडेल बाजारात आल्याच्या पहिल्या आठवड्यात, कारण तेव्हा लोक त्याचीच चर्चा करत असतात आणि स्वतःकडे मात्र तो नसतो.

सुरुवात कुठून झाली

वस्तू फोडून गर्दी जमवणं इंटरनेटच्या आधीचंच. १९६४ मध्ये लंडनच्या हॅरो भागात द हू या बँडच्या पीट टाउनशेंडच्या गिटारचं टोक बुटक्या छताला लागून तुटलं, लोक हसले, तर गड्याने उरलेली गिटारपण आपटून टाकली आणि पुढे गिटार फोडणं हा त्यांच्या कार्यक्रमाचा भागच होऊन बसला. ४ जुलै १९७५ ला सॅन फ्रान्सिस्कोत अँट फार्म नावाच्या कलाकारांच्या ग्रुपने पेटलेल्या टीव्ही सेटच्या भिंतीत कॅडिलॅक गाडी घुसवली. सगळा राग टीव्हीवर होता, आणि बघायला बोलावलं होतं टीव्हीच्याच बातमीदारांना!

ऑनलाइन जमान्यात २००६ हे वर्ष महत्त्वाचं. प्लेस्टेशन ३ हा गेमचा कन्सोल बाजारात आला तेव्हा काही पोरांनी लोकांकडून ऑनलाइन पैसे गोळा करून तो विकत घेतला आणि दुकानाबाहेर रांग लावून बसलेल्यांच्या डोळ्यांदेखत फोडला. त्याच वर्षी अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या ब्लेंडटेक या मिक्सर कंपनीने ‘विल इट ब्लेंड?’ ही मालिका काढली. कंपनीचे मालक टॉम डिकसन मिक्सरची ताकद बघायला त्यात लाकडाचे तुकडे दळायचे, मार्केटिंगच्या माणसाला तो भुसा दिसला आणि त्याने साधारण ५० डॉलरच्या सामानात पहिले व्हिडिओ शूट केले. पांढरा कोट, डोळ्याला गॉगल, चेहऱ्यावर आजोबांचं हसू. २००७ च्या जुलैत, म्हणजे पहिला आयफोन येऊन महिनासुद्धा झाला नव्हता, त्यांनी तो मिक्सरमध्ये टाकून काळी पूड केली आणि निघालेला धूर हुंगू नका असंही सांगितलं. फोन गेला, मिक्सर विकले गेले. पुढच्या सगळ्या धंद्याचं गणित इथेच ठरलं, फुटणारी वस्तू हा जाहिरातीचा खर्च.

टेस्ट की तमाशा

या प्रकारात दोन जाती आहेत आणि दोन्ही सारख्या एकमेकीत मिसळतात. एक टेस्टच्या नावाने, दुसरी निव्वळ मजेसाठी.

टेस्टवाल्यांना एकदम नावं ठेवता येत नाहीत. २०१४ च्या सप्टेंबरमध्ये अनबॉक्स थेरपी चॅनलच्या लुइस हिल्सेंटेगरने आयफोन ६ प्लस नुसत्या अंगठ्यांच्या जोराने वाकवून दाखवला, त्यावरून ‘बेंडगेट’ नावाचा गदारोळ झाला. ॲपलचं म्हणणं होतं की पहिल्या सहा दिवसांत फक्त नऊ गिऱ्हाइकांनी तक्रार केली. पण २०१८ मध्ये कोर्टातल्या कागदपत्रांतून बाहेर आलं की कंपनीच्या स्वतःच्या चाचणीत ६ प्लस हा आधीच्या ५एसपेक्षा ७.२ पट जास्त वाकण्यासारखा निघाला होता. मधल्या काळात ६एसला जास्त मजबूत, ७००० सिरीजचं ॲल्युमिनियम आलं. म्हणजे एका माणसाने फोन वाकवला आणि त्याचा उपयोग झाला.

जेरीरिगएव्हरीथिंग चॅनलचा झॅक नेल्सन तर दर फोनची तीच परीक्षा घेतो: मोस स्केलच्या (कडकपणा मोजायच्या १ ते १० च्या मापाच्या) टोकदार सुया, मग लायटर, मग वाकवणं. काचेला सहाव्या नंबरच्या सुईने ओरखडा येतो, सातव्याने खोल चर पडते. घरात उपयोगी पडेल अशी गोष्ट यातच आहे. वाळूतल्या क्वार्ट्झचा कडकपणा ७ आणि चावीच्या लोखंडाचा त्याहून कमी, म्हणून खिशात चावी असली तर स्क्रीनला सहसा काही होत नाही, पण ओंकारेश्वरला नर्मदेवर जाऊन आलेल्या खिशात वाळू राहिली तर होतं.

दुसऱ्या जातीचा मोठा खेळाडू म्हणजे टेकरॅक्स चॅनलचा तरास माक्सिमुक. त्याने फोनची इतक्या तऱ्हेने वाट लावली आहे की यादी देण्यात अर्थ नाही. २०१६ मध्ये आयफोन ७ मधून हेडफोनचं भोक काढून टाकलं होतं, तर याने ड्रिलने भोक पाडून आतला ‘लपवलेला’ जॅक सापडतो असा गमतीचा व्हिडिओ केला आणि काही लोकांनी ते खरं मानून स्वतःच्या फोनला ड्रिल लावलं. फिनलंडच्या टाम्पेरे शहरात लाउरी वुओहेनसिल्टाने २०१५ मध्ये हायड्रॉलिक प्रेस चॅनल सुरू केलं, तिथे फोनपासून चेंडूपर्यंत सगळं प्रेसखाली जातं आणि मागून बायकोचं खळखळून हसणं ऐकू येतं. तिथे किंमतीपेक्षा वस्तू कशी पसरते, कशी फाटते हे बघायची मजा आहे, त्यामुळे मला तरी ते जास्त प्रामाणिक वाटतं.

आणि मग मे २०२४ मध्ये ॲपलनेच नव्या आयपॅड प्रोच्या जाहिरातीत पियानो, रंगाचे डबे, गिटार, सगळं प्रेसखाली चिरडलं. आयफोन फुटताना टाळ्या वाजवणारं जग पियानो फुटल्यावर चिडलं, कंपनीला माफी मागावी लागली.

इंदूरच्या जेल रोडवरून बघितलं तर

आपल्याकडे व्ह्यूमागे मिळणारा पैसा अमेरिकेच्या मानाने फार कमी, त्यात यूट्यूबवर जाहिरातीची कमाई सुरू व्हायलाच हजार सबस्क्रायबर आणि वर्षभरात चार हजार तास बघितलं गेलेलं पाहिजे (शॉर्ट्सचा हिशोब वेगळा). लाखाचा फोन फोडून तो वसूल करणं छोट्या चॅनलला परवडतच नाही. मग काय करतात, तर मेलेला फोन आणतात. इंदूरला मोबाइलचा बाजार म्हणजे जेल रोड, तिथे बोर्ड गेलेला, पाणी गेलेला, आयक्लाउड लॉक पडलेला (जुन्या मालकाच्या ॲपल खात्याशिवाय न उघडणारा) असा माल पार्ट्सच्या भावात मिळतो, वरून फोन चकाचक आणि आतून गेलेला. दुसरा मार्ग डमीचा. डमी म्हणजे शोरूमच्या काउंटरवर ठेवायचा खोटा फोन, आत वजनासाठी लोखंडाची पट्टी आणि काचेखाली होम स्क्रीनचा छापील कागद.

ओळखायचं कसं, तर हातोडा पडण्याच्या आधी व्हिडिओत कट आहे का बघा, चालू स्क्रीनवर बोट फिरताना दाखवलं आणि लगेच पुढच्या शॉटला स्क्रीन काळी असेल तर समजून जा भिया. फुटल्यावर आत काय दिसतं ते त्याहून पक्कं. खऱ्या फोनमधून चपट्या फ्लेक्स केबल लोंबतात, चिमुकल्या आयसी (चिप) बसवलेला बोर्ड दिसतो, कॅमेऱ्याच्या भिंगांची चकती घरंगळते, काळ्या पाकिटासारखी बॅटरी वाकते. डमीतून पट्टी आणि कागद निघतो, बस.

इथल्या मराठी घरांत हे व्हिडिओ एकाच टीव्हीवर दोन पिढ्या बघतात आणि तिथे खरी गंमत येते. खंडेनवमीला हत्यारांच्या जोडीला लॅपटॉप आणि फोन पाटावर मांडून हळदकुंकू वाहणारी, वहीला पाय लागला तर नमस्कार करणारी आत्या समोर असते, तिला वाईट वाटतं ते लक्ष्मीचा अपमान म्हणून. पोराला वाईट वाटतं ते वेगळंच, “फोडण्यापेक्षा मला दिला असता तर?” हे ओळखूनच मोठे चॅनलवाले एक फोडतात आणि दुसरा वाटतात, म्हणजे पोरगं पुढच्या व्हिडिओला परत येतंच. आत्या नावं ठेवते पण उठून जात नाही, रावण पडायच्या आधी दसरा मैदानावरून जसं कोणी घरी निघत नाही.

बॅटरीचा धोका

घरी करून बघण्यासारखं हे अजिबात नाही, कारण एकच, लिथियम-आयन बॅटरी. आत दोन थरांच्या मधे पातळ प्लास्टिकचा पडदा असतो, ठोकल्याने किंवा ड्रिलने तो फाटला की थर एकमेकांना टेकतात, शॉर्ट होऊन उष्णता वाढते आणि ती उष्णताच पुढची उष्णता तयार करत जाते. आधी फुगते, मग फुस्स आवाज, मग धूर आणि ज्वाळा. त्या धुरात हायड्रोजन फ्लोराइड असू शकतो, तो फुप्फुसाला वाईट. २०१६ मध्ये सॅमसंगला नोट ७ बाजारातून परत बोलवावा लागला तो बॅटरीच्याच दोषामुळे, आणि तिथे तर कोणी हातोडापण मारला नव्हता. रिपेअरवाले चिकटलेली बॅटरी प्लास्टिकच्या पट्टीने काढतात ती याच भीतीने.

गॅलियमचे व्हिडिओपण खूप चालतात. हा धातू २९.७६ अंशांना वितळतो, इंदूरच्या मे महिन्यात तर बाटलीतच पातळ, आणि ॲल्युमिनियमच्या कणांमध्ये शिरून फोनची बॉडी बिस्किटासारखी ठिसूळ करतो. बघायला भारी, पण सांडलेलं टेबलाच्या ॲल्युमिनियम पट्टीवर गेलं तर तीपण गेली.

फुटल्यावर

जगात २०२२ मध्ये सुमारे ६.२ कोटी टन ई-कचरा झाला आणि त्यातला २२.३ टक्केच नीट गोळा होऊन रिसायकल झाल्याची नोंद आहे. त्या ढिगात व्हिडिओत फुटलेले फोन चिमूटभरसुद्धा नसतील, लोकांनी ड्रॉवरमध्ये ठेवून विसरलेले कितीतरी जास्त. भारतात ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत आणि रिसायकलिंगची जबाबदारी त्यात उत्पादकांवर टाकली आहे. नुसता आपटलेला फोन असेल तर जेल रोडवाला कॅमेरा, स्पीकर, चार्जिंगचा पार्ट काढून घेतो, प्रेसखालून आलेल्याला मात्र कोणी हात लावत नाही. इंदूरची कचरागाडी सहा प्रकारचा कचरा वेगळा घेते आणि ई-कचरा त्यातला एक, तेव्हा फुटका फोन तिथेच द्यायचा, सुट्या बॅटरीच्या टोकांना टेप लावून, कारण ओल्या-सुक्यात गेलेली बॅटरी गाडीत दाबली गेली तर कचऱ्यालाच आग लागते.