केआनू : एका दुर्मीळ हवाईयन नावाची मोजदाद

केआनू हे हवाईयन नाव जगभर पोहोचले ते जवळजवळ एकाच माणसामुळे. अभिनेता कियानू रीव्ह्ज याचा जन्म २ सप्टेंबर १९६४ रोजी बैरुतमध्ये झाला, तो लहानाचा मोठा कॅनडातील टोरांटो शहरात झाला आणि हवाईशी त्याचे नाते जुळते ते वडिलांच्या बाजूने. हे नाव त्याला काकांच्या नावावरून मिळाले. हॉलिवूडमध्ये सुरुवातीला त्याला नाव बदलण्याचा सल्ला देण्यात आला होता आणि काही कामांच्या श्रेयनामावलीत तो ‘के. सी. रीव्ह्ज’ असा दिसतो. पुढे त्याने मूळचेच नाव कायम ठेवले. त्याचे चित्रपट गाजू लागल्यावर, विशेषतः १९९०च्या दशकात, ज्यांचा हवाई बेटांशी काहीही संबंध नव्हता अशा आईवडिलांनीही आपल्या मुलांसाठी हे नाव निवडले. तरीही ते फार प्रचलित झाले नाही. एखादे नाव दुर्मीळ आहे असे आपण म्हणतो तेव्हा नेमके काय मोजलेले असते, हा प्रश्न या नावाच्या निमित्ताने विचारण्याजोगा आहे, कारण हवाईच्या जुन्या परंपरेत नावाने दुर्मीळ असणेच अपेक्षित होते.

नावाची घडण साधी आहे. हवाईयन भाषेत ‘के’ हे निश्चितत्व दाखवणारे उपपद असून ते मुख्यतः अ, ए, ओ आणि क यांनी सुरू होणाऱ्या शब्दांपूर्वी येते; इतरत्र त्याचे रूप ‘का’ असे होते. ‘आनू’ म्हणजे थंडावा, गारवा. नावांच्या पुस्तकांतून ‘डोंगरावरून येणारी गार झुळूक’ असा जो अर्थ हमखास दिला जातो, त्यातील डोंगर आणि झुळूक यांपैकी काहीही या दोन शब्दांत नाही. मात्र म्हणून तो अर्थ चुकीचाच ठरवावा असेही नाही. हवाईयन काव्यात आणि नावांत शब्दाच्या उघड अर्थामागे दडलेला अर्थ असणे ही मान्य रीत असून तिला ‘काओना’ म्हणतात. नाव ठेवणाऱ्याच्या मनात कोणता गारवा होता, हे पुष्कळदा फक्त त्या कुटुंबालाच ठाऊक असते. शिवाय ‘के’ने सुरू होणारे प्रत्येक नाव असे फोडता येत नाही. ‘केआलोहा’ या नावात उपपद आहे, पण ‘केओनी’ हे मात्र जॉन या इंग्रजी नावाचे हवाईयन उच्चारात बसवलेले रूप आहे. या भाषेच्या लेखनात पाच स्वर आणि अवघी आठ व्यंजने आहेत, त्यांतले एक म्हणजे घशात श्वास क्षणभर अडवून उच्चारला जाणारा ‘ओकिना’. प्रत्येक व्यंजनामागे स्वर यावाच लागतो, त्यामुळे परक्या नावांचे रूप ओळखू न येण्याइतके पालटते.

अर्थापेक्षाही महत्त्वाचे आहे ते नाव मिळण्याची पद्धत. हवाईयन समाजात नाव, म्हणजे ‘इनोआ’, ही त्या व्यक्तीची वा कुळाची मालमत्ता मानली जाई. दुसऱ्याचे नाव परवानगीवाचून घेणे हा अपराध समजला जाई. ते द्यायचे असेल तर ज्याचे त्यानेच द्यायचे. नावात स्वतःची शक्ती असते आणि ती धारण करणाऱ्याच्या आयुष्यावर परिणाम करते, अशी श्रद्धा त्यामागे होती. स्वप्नात मिळालेले नाव ‘इनोआ पो’, म्हणजे रात्रीचे नाव. ते डावलले तर मूल आजारी पडेल असे मानत. आकाशात किंवा भोवतालात दिसलेल्या एखाद्या खुणेवरून ठेवलेल्या नावाचा प्रकार वेगळा, अदृश्य आवाजाने उच्चारलेले ऐकू आलेल्या नावाचा वेगळा आणि पूर्वजांकडून चालत आलेल्या नावाचा वेगळा. काकाचे नाव पुतण्याला मिळणे हे या शेवटच्या प्रकाराशी सुसंगत आहे. दुष्ट शक्तींची नजर लागू नये म्हणून मुद्दाम किळसवाणे नाव ठेवण्याचीही चाल होती. आपल्याकडच्या दगडू-धोंडू या नावांमागचा हेतू ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

प्रसंगावरून नाव ठेवण्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण हवाईच्या शेवटच्या राणीचे आहे. योगायोगाने तिचाही जन्म २ सप्टेंबरचा, पण १८३८ सालचा. त्या वेळी राज्यकारभारात राजाखालोखाल अधिकार असलेल्या किनाऊ या सरदार स्त्रीचे डोळे दुखत होते आणि तिने त्या दुखण्यावरूनच बाळाची नावे ठेवली: लिलिउ म्हणजे चुरचुरणे, लोलोकू म्हणजे आसवे गाळणारी, वालानिया म्हणजे आग होणे आणि कामाकाएहा म्हणजे दुखरे डोळे. बाप्तिस्म्याच्या वेळी तिला लिडिया हे नाव मिळाले. पुढे १८७७ मध्ये तिचा भाऊ राजा कालाकाउआ याने तिला वारस नेमले, तेव्हा ‘लिलिउओकलानी’ हे राजपदाला शोभणारे रूप ठरले, पण त्यातली डोळ्यांची चुरचुर तशीच राहिली. अशा नावाला ‘लोकप्रियता’ हे माप लावायचे म्हणजे सात-बाराचा उतारा बाजारभावाच्या तक्त्यात शोधण्यासारखे आहे. ते एका मुलीचे होते, एका दिवसाचे होते, आणि दुसऱ्या कोणी ते वापरावे ही अपेक्षाच नव्हती.

ही व्यवस्था बदलली ती कायद्याने. १८२० मध्ये अमेरिकी मिशनरी बेटांवर आले, पुढच्या काही वर्षांत भाषेसाठी रोमन लिपी ठरली आणि ख्रिस्ती नावे रूढ होऊ लागली. १८६० मध्ये राजा चौथा कामेहामेहा याच्या कारकिर्दीत नावांचे नियमन करणारा कायदा झाला. विवाहितेने पतीचे नाव लावावे, मुलांनी वडिलांचे नाव आडनाव म्हणून घ्यावे आणि प्रत्येक मुलाला त्याच्या लिंगाला साजेसे ख्रिस्ती नाव असावे, असे त्यात म्हटले होते. जुनी हवाईयन नावे बहुतांशी मुलगा-मुलगी असा भेद करत नसत, त्यामुळे ही शेवटची अट परंपरेच्या मुळावरच आली. लोकांनी मात्र कायद्यातून वाट काढली. पहिले नाव इंग्रजी आणि मधले नाव हवाईयन, अशी जोडी घरोघर रूढ झाली. १८९३ मध्ये राणीची सत्ता उलथवली गेली, १८९६ मध्ये शाळांचे माध्यम कायद्याने इंग्रजी झाले, १८९८ मध्ये बेटे अमेरिकेत विलीन झाली आणि १९५९ मध्ये हवाई अमेरिकेचे राज्य बनले, तरी नावांविषयीची ही सक्ती उठली ती थेट १९६७ मध्ये. तोवर मधले नाव हाच पूर्वजांच्या नावांचा आसरा होता आणि आजही हवाईत ही पद्धत सर्रास दिसते.

आता मोजदादीकडे वळू. अमेरिकेत नावांची आकडेवारी सामाजिक सुरक्षा प्रशासन हे सरकारी खाते प्रसिद्ध करते. १८८० पासूनच्या जन्मवर्षांसाठी ती उपलब्ध आहे, आणि संशोधकांच्या दृष्टीने हा खजिनाच आहे. पण तिचे तीन नियम हवाईयन नावांवर विशेष परिणाम करतात. पहिला, तिच्यात फक्त पहिले नाव मोजले जाते. म्हणजे शंभराहून अधिक वर्षे हवाईयन नावे ज्या जागी टिकून होती, ती जागा या यादीच्या दृष्टीने अस्तित्वातच नाही. दुसरा, ओकिना आणि दीर्घ स्वराची खूण तिच्यात गळून पडते, म्हणून ज्यांच्यात तेवढाच फरक आहे अशी दोन वेगळी नावे एकच होऊन बसतात. तिसरा नियम गोपनीयतेचा आहे: एखाद्या वर्षी ज्या नावाची पाचपेक्षा कमी मुले जन्मली, ते नाव वगळले जाते. मुलगे आणि मुली यांची मोजणी स्वतंत्र असल्यामुळे चार मुलग्यांना आणि चार मुलींना दिलेले एकच नाव दोन्ही याद्यांतून नाहीसे होते. मुळात लिंगभेद न करणाऱ्या नावांना याचा फटका सर्वाधिक बसणार हे उघड आहे.

याच नियमाचा राज्यपातळीवरचा परिणाम आकड्यांत पाहण्यासारखा आहे. अमेरिकेत अलीकडे वर्षाला सुमारे ३६ लाख बालके जन्मतात, तर हवाई राज्यात सुमारे १५ हजार. देशाच्या यादीत यायला साधारण साडेतीन लाख मुलग्यांमागे एक इतके प्रमाण पुरते. हवाईच्या यादीत मात्र चार मुलग्यांचे, म्हणजे जवळजवळ दोन हजारांत एक इतक्या प्रमाणाचे नावही दिसत नाही. एका अर्थी, नाव आपल्याच घरी अदृश्य असते आणि परमुलखात नोंदले जाते.

परमुलखातील नावे कशी पसरतात, यावर चांगले संशोधन झाले आहे. मॅथ्यू हान आणि अलेक्झांडर बेंटली यांनी २००३ मध्ये दाखवले की आईवडील आधीपासून वापरात असलेली नावे निव्वळ यदृच्छेने उचलतात आणि अधूनमधून एखादे नवे नाव घडवतात, एवढे मानले तरी थोडी अतिप्रचलित आणि असंख्य दुर्मीळ नावे असे प्रत्यक्षातले चित्र गणिताने मिळते. लोकसंख्येत जनुके यदृच्छेने कमीजास्त होतात त्याच तत्त्वावर. जोना बर्गर आणि गाएल ल मां यांनी २००९ मध्ये फ्रान्स आणि अमेरिकेतील शंभर वर्षांहून अधिक काळाची नावे तपासली, तेव्हा झपाट्याने वर चढलेली नावे तितक्याच झपाट्याने टाकून दिली जातात असे आढळले. क्षणिक फॅशन वाटणारे नाव लोक टाळतात, असे त्यांचे स्पष्टीकरण आहे.

हवाईयन नावांत या अभ्यासांना शोभेल असे उदाहरण लेइलानीचे आहे. १९३७ च्या एका चित्रपटात बिंग क्रॉस्बी यांनी गायलेल्या ‘स्वीट लेइलानी’ या गीताला ऑस्कर मिळाले आणि नाव मुख्य भूमीवर पोहोचले. नंतर अनेक दशके सावकाश वाढत ते २०२०च्या दशकात अमेरिकेतील मुलींच्या पहिल्या शंभर नावांत आले. माझ्या मते केआनूचे तसे झाले नाही, याचे एक कारण हे की लेइलानी गाण्यातून आले आणि कोणाचेच राहिले नाही, तर केआनू ऐकताच अजूनही एकच चेहरा डोळ्यांसमोर येतो. जर्मनीतील येना येथील लायब्निझ संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०२३ मध्ये स्यूडोमोनास जातीच्या जिवाणूंपासून बुरशीनाशक संयुगे वेगळी केली आणि त्यांना ‘केआनुमायसिन’ असे नाव दिले, तेही अभिनेत्याच्या पडद्यावरील संहारक भूमिकांवरून. वनस्पतींवर राखी बुरशीचा रोग आणणाऱ्या बोट्रायटिसवर ती प्रभावी आहेत. ‘गारवा’ या अर्थाचा त्यात मागमूसही नाही.

हवाईयन नावांची खरी वारंवारता जाणून घ्यायची तर आधार शोधावा लागतो तो दुसरीकडेच. १८३४ ते १९४८ या काळात हवाईयन भाषेत शंभरच्या आसपास वृत्तपत्रे निघाली, त्यांची सव्वा लाखाच्या आसपास पाने झाली, आणि त्यांत जन्म, विवाह व मृत्यू यांच्या नोंदी नियमित छापल्या जात. ही पाने आता मोठ्या प्रमाणात संगणकीय रूपात आली असून २०११-१२ मध्ये हजारो स्वयंसेवकांनी त्यांतील मजकूर टंकित करण्यास हातभार लावला. या नोंदींत नाव पूर्ण छापलेले असते, त्यामुळे कोणाचे नाव कोणाला दिले गेले, एकाच कुळात ते किती पिढ्यांनी परत आले आणि कायद्यानंतर ते मधल्या जागी कधी सरकले, हे तपासता येते. फक्त ‘पाचपेक्षा कमी’ म्हणून तेथे कोणाला वगळलेले नाही.