फॉलोअर की ब्रॉडकास्ट यादी? आंबेवाल्याने वेळ कुठे घालावा

कोकणातल्या छोट्या आंबा बागायतदाराला हल्ली जो तो सांगतो, ‘सोशल मीडियावर टाक रे!’ या एका सल्ल्यात दोन निराळी कामं आहेत. इन्स्टाग्रामवर रील टाकून फॉलोअर जमवणं हे एक, आणि व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट यादीत (एकच मेसेज अनेकांना वेगवेगळा पाठवायची सोय) गिऱ्हाइकं सांभाळणं हे दुसरं. दोन्हींना ‘माणसं जोडणं’च म्हणतात, म्हणून वेळेचा हिशेबही एकत्रच होतो आणि फसतो.

रीलला दहा हजार व्ह्यूज आले की घरभर आनंद. पण एक व्ह्यू म्हणजे एक माणूस नव्हे. रील सुरू झाली की एक व्ह्यू, त्याच माणसाने पुन्हा पाहिली की आणखी एक. नेमक्या किती खात्यांपर्यंत ती पोचली हे ‘रीच’मध्ये दिसतं, आणि त्यातले किती जण तुम्ही पेटी पाठवू शकता अशा शहरातले, हे पुढचं. शिवाय फॉलोअर तुमचे असले तरी पोस्ट त्यांच्यापैकी कुणाला दाखवायची ते इन्स्टाग्राम ठरवतं.

ब्रॉडकास्ट यादी दिसायला अगदीच किरकोळ. एका यादीत जास्तीत जास्त २५६ नंबर. पण मेसेज थेट त्या माणसाच्या चॅटमध्ये जातो आणि ‘दोन पेट्या ठेवा’ हे उत्तर फक्त तुम्हाला दिसतं. ग्रुपसारखं चारचौघांत भावावरून घासाघीस होत नाही. (न विचारता ग्रुपमध्ये ओढणाऱ्यांबद्दल न बोललेलंच बरं.) एक अट मात्र आहे, आणि ती बऱ्याच जणांना माहीत नसते: समोरच्याने तुमचा नंबर सेव्ह केलेला असेल तरच ब्रॉडकास्ट त्याला मिळतो. म्हणून पेटीत पेंढ्यावर एक चिठ्ठी ठेवावी: बागेचं नाव, नंबर, आंबा कधी पिकेल, आणि ‘पुढच्या हंगामासाठी नंबर सेव्ह करा’. ही चिठ्ठी लिहायला लागणारा वेळ मला कुठल्याही रीलपेक्षा मोलाचा वाटतो.

मग रील वाया का? नाही. नवं गिऱ्हाईक यादीत आपोआप येत नाही. त्यात हापूसची अडचण विश्वासाची. कोकणातल्या हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन, म्हणजे मूळ प्रदेशाची अधिकृत ओळख, मिळालं, तरी बाजारात परराज्यातला आंबा ‘देवगड’ म्हणून सर्रास खपवला जातो. पुण्यातल्या अनोळखी माणसाला तुमचंच झाड, त्यावरचं फळ, बागेत राबणारा तुमचाच हात दिसला, तर तो निदान फोन तरी करतो. हे काम फेब्रुवारीत, फळ झाडावर असताना करावं. एप्रिलमध्ये काढणी, प्रतवारी, पेट्या भरणं सुरू झालं की कॅमेऱ्यापुढे घालवलेली सकाळ परवडत नाही. फोनवर ट्रेंडिंग गाणं शोधत बसणं तर मुळीच नाही.

ज्याची जुनी गिऱ्हाइकंच सगळा माल उचलतात, त्याने रीलच्या नादी लागूच नये. माल उरतो त्याने लागावं, पण फोन करणाऱ्या प्रत्येकाकडून आपला नंबर सेव्ह करून घ्यावा.

यादीचा अतिरेकही नको. रोज ‘शुभ सकाळ’ पाठवणाऱ्याला लोक ब्लॉक करतात. हंगामात तीन-चार मेसेज पुरेत: पहिली तोड, भाव, शेवटच्या पेट्या. पाठवल्यावर त्या मेसेजची माहिती उघडून तो कुणाकुणाला पोचला ते पाहावं. जुनं गिऱ्हाईक त्यात दिसलं नाही, तर सरळ फोन लावावा.