काउंटी आणि पॅरिश (न्यू साउथ वेल्समधली जमीन-मोजणीची विभागणी)

ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स राज्यात प्रत्येक जमीन कागदोपत्री कुठल्यातरी पॅरिशमध्ये असते आणि तो पॅरिश कुठल्यातरी काउंटीत. सिडनीत घर घेतलेल्या मराठी माणसाने टायटलचा कागद (मालकीच्या नोंदीचा उतारा) नीट वाचला तर त्याला लॉट नंबर आणि प्लॅन नंबर दिसतो, मग कौन्सिलचं नाव, आणि त्याच्याखाली एक ओळ असते, पॅरिश ऑफ सेंट जॉन, काउंटी ऑफ कंबरलँड (हे पॅरामाटाचं उदाहरण). आता हा सेंट जॉन कोण आणि त्याचं ऑफिस कुठे, असं वाटणं साहजिक आहे. पण ऑफिस कुठेच नाही. पॅरिश म्हणजे इथे चर्चचा विभाग नाही, काउंटीला कलेक्टर नाही, निवडणूक नाही, कर नाही. दोन्ही फक्त जमिनीचा पत्ता सांगायला आहेत. आपल्या खरेदीखतात "मौजे अमुक, तालुका अमुक" लिहितात ना, तसंच काम, फक्त मौजेच्या मागे गाव असतं आणि पॅरिशच्या मागे बऱ्याचदा काहीच नसतं, हा फरक खूप मोठा आहे आणि तो लक्षात घेतला नाही तर ही सगळी पद्धतच समजत नाही.

पहिली काउंटी कंबरलँड, गव्हर्नर फिलिपने १७८८ मध्येच जाहीर केली, म्हणजे वसाहत सुरू झाली त्याच वर्षी. ती जमीन धारुग (तिथले मूळ रहिवासी) आणि शेजारच्या लोकांची होती, त्यांच्या स्वतःच्या हद्दी होत्या, ओढे डोंगर धरून ठरलेल्या, पण त्या कुणी विचारल्या नाहीत. पुढची सगळी आखणी त्याच जमिनीवर झाली, हे या विषयात सुरुवातीलाच सांगायला हवं.

खरी पद्धत आली १८२५ मध्ये. लंडनहून गव्हर्नर ब्रिस्बेनला सूचना आल्या की सगळ्या वसाहतीची मोजणी करून काउंट्या पाडा, प्रत्येक साधारण ४० मैल लांब ४० मैल रुंद, त्यात १०० चौरस मैलांचे हंड्रेड, आणि हंड्रेडमध्ये २५ चौरस मैलांचे पॅरिश. हिशोब केला तर एका काउंटीत १६ हंड्रेड, ६४ पॅरिश, आणि एक पॅरिश १६,००० एकरांचा. यामागे कारण सरळ होतं, तोवर जमिनी वाटल्या जात होत्या पण मोजणी फार मागे पडलेली, कोणाची जमीन कुठे संपते याचा घोळ, आणि सरकारला आधी जमीन मोजून तिचा भाव ठरवून मग विकायची होती. शिवाय प्रत्येक काउंटीतला सातवा हिस्सा चर्च आणि शाळांसाठी बाजूला ठेवायचा असंही ठरलं होतं (ती योजना फार चालली नाही, त्यासाठी नेमलेलं मंडळच १८३३ मध्ये बंद केलं).

कागदावरचे चौकोन जमिनीवर मात्र उतरले नाहीत. सर्व्हेअर जनरल (वसाहतीच्या जमीन-मोजणी खात्याचा प्रमुख) ऑक्सली १८२८ मध्ये वारला आणि त्याच्या जागी थॉमस मिचेल आला. त्याने नद्या आणि डोंगरांच्या धारा हद्द म्हणून घेतल्या. टेकड्यांच्या माथ्यावरची झाडं तोडून खुणेला एखादंच उभं ठेवायचं, आणि एका माथ्यावरून दुसऱ्या माथ्याचे कोन घेत त्रिकोण जोडत जायचं, असं ते काम चालायचं. माझ्या मते हा निर्णय फार शहाणपणाचा होता कारण नदी शेतकऱ्याला डोळ्याने दिसते, सरळ रेघ दिसत नाही (नदी पात्र बदलते हा त्रास आहेच म्हणा). १८२९ मध्ये गव्हर्नर डार्लिंगने एकोणीस काउंट्यांची हद्द जाहीर केली, तिच्या बाहेर जमीन मिळणार नाही म्हणून. लोक मेंढ्या घेऊन बाहेर गेलेच. १८३४ मध्ये मिचेलने या एकोणीस काउंट्यांचा तांब्याच्या पत्र्यावर कोरलेला नकाशा छापून आणला.

हळूहळू पूर्ण राज्यभर काउंट्या पडल्या, आज १४१ आहेत आणि पॅरिश साडेसात हजारांच्या आसपास. हंड्रेड इथे रुजलेच नाहीत, थोडे जाहीर झाले ते १८८८ मध्ये रद्द केले. शेजारच्या साउथ ऑस्ट्रेलियात उलटं आहे, तिथे हंड्रेडच चालतो. नावं सुरुवातीला इंग्लंडची, ड्युक आणि मंत्र्यांची, पण आत आत जाल तसतशी स्थानिक आदिवासी भाषांमधली नावं वाढतात, मिचेल स्वतः अशी नावं ठेवायच्या बाजूचा होता. एकच पॅरिशचं नाव दोन-तीन काउंट्यांत सापडतं, म्हणून काउंटी लिहिल्याशिवाय पॅरिशला अर्थ नाही.

पॅरिशच्या आत जमिनीच्या तुकड्याला पोर्शन म्हणत आणि त्याला नंबर, म्हणजे आपला सर्व्हे नंबर. १८६१ च्या कायद्याने कुणालाही ४० ते ३२० एकर जमीन एकरी एक पाउंडाने निवडून घेता यायला लागली तेव्हा या नंबरांची फार गरज पडली. मोजायला गुंटरची साखळी, ६६ फूट, १०० कड्या, ८० साखळ्यांचा मैल, आणि १० चौरस साखळ्यांचा एकर. आपल्याकडचा गुंठा ३३ फूट बाय ३३ फूट, म्हणजे अर्धी साखळी बाय अर्धी साखळी, एकराचे ४० गुंठे येतात ते म्हणूनच. मुंबई इलाखा आणि न्यू साउथ वेल्स दोन्हीकडे एकाच मापाने जमीन बांधली गेली.

पोर्शनच्या कोपऱ्याला झाड असेल तर सर्व्हेअर त्याची साल काढायचा आणि आतल्या लाकडावर बाणाची सरकारी खूण आणि पोर्शनचा नंबर कोरायचा. पुढे साल कडेने वाढत येते आणि ओठ मिटावेत तशी खुणेवर मिटते. जुनी हद्द शोधताना अशी झाडं सापडली तर सर्व्हेअरला मोठा आधार होतो.

पॅरिशचा नकाशा हा सगळ्यात बघण्यासारखा प्रकार. कापडावर चिकटवलेला मोठा कागद, प्रत्येक पोर्शनमध्ये पहिल्या मालकाचं नाव, एकर-रूड-पर्चमध्ये (रूड आणि पर्च ही एकरापेक्षा लहान मापं) क्षेत्रफळ, पाण्यासाठी राखलेली जागा, गुरं हाकत न्यायचा पट्टा, आणि वर वेगवेगळ्या शाईत गॅझेटच्या तारखा कारण काही बदल झाला की कारकून त्याच कागदावर लिहायचा. कागद भरला, फाटला की नवीन आवृत्ती. म्हणून एका पॅरिशच्या चार-पाच आवृत्त्या ओळीने लावल्या तर त्या भागाचा पूर्ण इतिहास दिसतो. हे काम आता डिजिटल झालंय आणि जुने नकाशे स्कॅन करून राज्य सरकारने ऑनलाइन ठेवलेत, फुकट.

रोजच्या व्यवहारात लॉट आणि प्लॅन नंबर पुरतो, तरी पॅरिश-काउंटी गेलेली नाही. कौन्सिलं एकत्र होतात, उपनगरांची नावं बदलतात, ही हद्द तशीच राहते. एक काउंटी तर घड्याळही ठरवते, ब्रोकन हिल शहर ज्या यँकोविना काउंटीत आहे तिथे कायद्याने साउथ ऑस्ट्रेलियाची वेळ चालते, सिडनीपेक्षा अर्धा तास मागे.

आणि गावाकडे शेतजमीन घेणाऱ्यांनी जुना पॅरिश नकाशा बघावाच. त्यावर पोर्शनच्या मधून एक साखळी रुंद, म्हणजे साधारण २० मीटरचे रस्ते आखलेले असतात. त्यातले कितीतरी कधी बांधलेच नाहीत, आज तिथे गवत आणि कुंपण आहे, बघणाऱ्याला ते शेतच वाटतं, पण बऱ्याच ठिकाणी तो पट्टा अजून सरकारच्याच नावावर असतो.