देवगिरीला येण्यापूर्वी

देवगिरीसाठी आम्ही अख्खी सकाळ राखून ठेवतो. ‘एका किल्ल्याला एवढा वेळ?’ असं नाव नोंदवताना बरेच जण विचारतात. त्यांच्यासाठी हे पत्रक.

बाराव्या शतकाच्या अखेरीस पाचव्या भिल्लम यादवाने इथे राजधानी वसवली. सुमारे २०० मीटर उंचीचा हा एकटा डोंगर. त्याचा खालचा कातळ चहूबाजूंनी असा तासलाय की घोरपडीलाही नखं रोवायला जागा नाही. भोवती अंबरकोट, महाकोट, काळाकोट असे तीन तट. महाकोटाच्या दारांपाशी घाई करू नका. एक दार ओलांडलं की समोर भिंत येते आणि वळावं लागतं. हत्तीला धडकेपुरता वेग मिळू नये म्हणून ही रचना. दारांवरचे अणकुचीदार खिळेही त्याच्यासाठीच.

पुढे कातळात खोदलेला खंदक, त्यावर एकच अरुंद वाट, आणि मग अंधारी. डोंगराच्या पोटातून वर जाणारा हा वळणावळणाचा भुयारी जिना आमच्या मते किल्ल्यातली सर्वांत हुशार जागा आहे. वरच्या तोंडावर लोखंडी झाकण टाकून निखारे पेटवले की आतला शत्रू धुराने गुदमरायचा.

मग असा किल्ला पडला कसा? भुकेने. १२९६ मध्ये अलाउद्दीन खिलजी आला तेव्हा यादवांची मुख्य फौज बाहेर होती. घाईघाईने वर नेलेल्या पोत्यांत धान्याऐवजी मीठ निघालं, असं सांगतात. रामदेवरायाला तह करावा लागला. १६३३ मध्ये मोगलांनी सुरुंगांनी बाहेरचे तट फोडले खरे, पण शरणागतीमागे उपासमार होतीच.

१३२७ मध्ये महंमद तुघलकाने दिल्लीची राजधानी इथे हलवली आणि दौलताबाद हे नाव रूढ झालं. १४४५ चा चांदमिनार बहमनींचा. चिनी महालात गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान तानाशाह कैदेत होता. एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी इथलेच किल्लेदार. त्यांच्या स्थानापाशी आपण थांबतोच.

घट्ट बसणारे बूट, दोन लिटर पाणी आणि विजेरी सोबत असू द्या. अंधारीत वटवाघळं आहेत, वासही उग्र येतो. दम्याचा त्रास असेल तर आधी सांगा. आत एका सपाट जागी आम्ही सगळ्यांना मिनिटभर विजेऱ्या बंद करायला सांगतो. त्या काळोखात, हातात ढाल-तलवार घेऊन, पुढची पायरी पायाने चाचपत वर यायचं होतं.